क्लीव्हलंडची पहिली पंगत

अ‍ॅलन फ्रीड वारला १९६५ साली आणि बेघर झाला २०१४ साली. त्याआधीची बारा वर्षं त्याच्या अस्थी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मुक्कामाला होत्या. मग संग्रहालयाने त्याच्या मुलाला सांगितलं, वडिलांना घेऊन जा. कारण दिलं की हल्ली संग्रहालयांत मानवी अवशेष ठेवायची पद्धत मागे पडतेय. त्याच सुमाराला तिथे बियॉन्सेचे पोशाख मांडलेले होते. अमेरिकन वर्तमानपत्रांनी दोन्ही बातम्या शेजारी ठेवून जो करायचा तो विनोद करून घेतला.

फ्रीड हा रेडिओवर तबकड्या लावणारा माणूस. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने क्लीव्हलंडच्या रेडिओवरून काळ्या कलावंतांचं रिदम अँड ब्लूज रात्री उशिरा वाजवलं, गोऱ्या पोरांना त्याची चटक लावली आणि 'रॉक अँड रोल' हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसवलं. २१ मार्च १९५२ला त्याने एक मोठा जलसा ठेवला. जागेच्या मानाने कितीतरी जास्त माणसं आली, दारं मोडली, आणि जलसा सुरू होतो न होतो तोच पोलिसांनी बंद पाडला. जगातली पहिली रॉक मैफल म्हणून आज जिचा दाखला देतात ती हीच. पुढे पैसे खाऊन गाणी वाजवल्याच्या प्रकरणात फ्रीड अडकला, १९६२ साली गुन्हा कबूल केला, ३०० डॉलर दंड भरला. १९८६ साली हॉलने आपली पहिली यादी काढली तेव्हा तीत त्याचं नाव होतं. आधी दंड, मग मान, मग जागा, मग नोटीस. कुठल्याही सरकारी समितीला इतका सलग कारभार जमलेला नाही.

हॉलची संस्था निघाली १९८३ साली. काढणाऱ्यांत अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेत एर्तेगुन आणि 'रोलिंग स्टोन' मासिकाचे यान वेनर हे मुख्य. तबकड्या विकणारे तेच, त्यांची परीक्षणं छापणारे तेच, आणि आता श्रेष्ठ कोण ते ठरवणारेही तेच. संस्था निघाली, पण इमारत नव्हती. मग शहरांची बोली लागली. एल्विसचं मेम्फिस होतं, न्यूयॉर्क होतं. क्लीव्हलंडने सहा लाख सह्या गोळा केल्या, एका राष्ट्रीय वर्तमानपत्राने घेतलेल्या दूरध्वनी-कौलात लाखाहून जास्त फोन केले, आणि शेवटी साडेसहा कोटी डॉलरचा सार्वजनिक पैसा टेबलावर ठेवला. मग सगळ्यांना एकदम अ‍ॅलन फ्रीड आठवला. १९९५ साली ईरी सरोवराच्या काठी आय. एम. पेई यांनी काचेचा पिरॅमिड उभा केला. सन्मानाचा सोहळा मात्र त्यानंतरही बरीच वर्षं बहुतेकदा न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलातच होत राहिला. वर्गणी क्लीव्हलंडची, जेवणावळ न्यूयॉर्कची.

आणि ही जेवणावळच आहे. लग्नाच्या मांडवात जेवायला सगळ्यांनाच मिळतं. रुसवे होतात ते पहिल्या पंगतीला कोणाला बसवलं यावरून. गाणी काय, सगळ्यांची सगळीकडे वाजतात. चाळीस वर्षं हजारो माणसं तावातावाने भांडतायत ती पाटासाठी.

नियम म्हणाल तर एकच धड आहे: पहिली तबकडी निघून २५ वर्षं व्हायला हवीत. बाकी प्रभाव, महत्त्व वगैरे. मूठभर लोकांची समिती नावं सुचवते आणि हजाराहून जास्त मतदार मतं देतात. हा मतदार म्हणजे आधी आत गेलेले कलावंत, संगीताचे इतिहासकार, धंद्यातली माणसं. लोकांना काही विचारतच नाहीत, अशी फार ओरड झाली, तेव्हा २०१२ साली चाहत्यांचं मतदान सुरू केलं. त्याची रीत ऐका. जगभरच्या चाहत्यांनी मतं द्यायची, पहिल्या काहींची नावं काढायची, आणि ती सगळी नावं मिळून एक मतपत्रिका धरायची. हजारातली एक. २०२०च्या यादीसाठी डेव्ह मॅथ्यूज बँडला दहा लाखांवर मतं पडली, सगळ्यांत जास्त. बँड बाहेर. २०२५च्या यादीसाठी फिश हा बँड पहिला आला. तोही बाहेर. लोकशाहीत प्रत्येकाला एक मत असतं. इथे सगळ्यांना मिळून एक आहे. डेव्ह मॅथ्यूजला २०२४ साली घेतलं, म्हणजे दहा लाख माणसांचं म्हणणं समितीच्या कानावर पोचायला चार वर्षं लागली. आपल्याकडच्या तक्रार निवारण कक्षांच्या मानाने हे जलदच म्हणायला हवं.

पहिल्या यादीत गाणारे-वाजवणारे दहा: चक बेरी, जेम्स ब्राऊन, रे चार्ल्स, सॅम कुक, फॅट्स डॉमिनो, एव्हर्ली बंधू, बडी हॉली, जेरी ली लुईस, लिटल रिचर्ड, एल्विस प्रेस्ली. यातल्या एकाही नावावर बोट ठेवता येत नाही. यात एकही बाई नाही, हेही दिसल्याशिवाय राहत नाही. पुढच्या वर्षी अरीथा फ्रँकलिन आली आणि समितीचा जीव भांड्यात पडला. तो बराच काळ तिथेच राहिला असावा, कारण २०२३ सालीसुद्धा हॉलमधल्या एकूण माणसांत बायका दहा टक्क्यांच्या आत होत्या.

सिस्टर रोझेटा थार्प १९३०च्या दशकापासून गिटार हातात घेऊन देवाची गाणी अशी वाजवत होती की देवळातले लोक बिचकले आणि क्लबातले नाचले. लिटल रिचर्डला कोवळ्या वयात तिने स्वतःच्या कार्यक्रमात गायला उभं केलं. तो लिटल रिचर्ड १९८६ साली आत. रोझेटा २०१८ साली, मरून ४५ वर्षं झाल्यावर. तेही मुख्य दाराने नाही, 'आद्य प्रभाव' नावाच्या दाराने. वरात केव्हाच गेली, घोडं आता आलं.

ही बाजूची दारं नीट पाहण्यासारखी आहेत. मतदारांनी पुन्हा पुन्हा पाडलेल्या माणसाला आत घ्यायचंच असेल, तर समिती त्याला 'आद्य प्रभाव' नाहीतर 'सांगीतिक श्रेष्ठता' अशी पाटी लावून मागून आणते. क्राफ्टवर्क हा जर्मन बँड. यंत्रांवर गाणी रचली आणि पुढच्या अर्ध्या शतकाच्या नाचगाण्याची कणिक मळून ठेवली. मतदारांनी इतक्यांदा नाकारला की शेवटी २०२१ साली त्याला आद्य प्रभावांत बसवलं, चार्ली पॅटनच्या शेजारी. पॅटन हा मिसिसिपीचा ब्लूज गाणारा, १९३४ साली वारला. दोघांत समान काय, तर दोघांनाही मतं मिळत नव्हती. हेवी मेटलचा घणाघात करणारे जुडास प्रीस्ट तिसऱ्या नामांकनानंतर २०२२ साली 'श्रेष्ठता' म्हणून आत आले. आणि रिंगो स्टार! बीटल्स १९८८ साली आत गेले, मग जॉन, पॉल, जॉर्ज असे एकेकटे पुन्हा गेले. रिंगो राहिला. मागे राहिलेल्याला बरं वाटावं म्हणून २०१५ साली त्यालाही 'श्रेष्ठता' देऊन टाकली.

पण खरी कमाल शीक या बँडची. नाईल रॉजर्सची गिटार, बर्नार्ड एडवर्ड्सची बेस गिटार, टोनी थॉम्प्सनचे ड्रम. १९७०च्या दशकाच्या शेवटी या तिघांनी जो ठेका बसवला त्यावर डिस्को तर नाचलाच, रॅपची पहिली गाजलेली तबकडीही त्यांच्याच बेसवर उभी राहिली. नामांकनं ११. निवड शून्य. म्हणजे समिती अकरा वेळा म्हणाली 'या', आणि मतदार अकरा वेळा म्हणाले 'बसा बाहेर'. २०१७ साली एकट्या रॉजर्सला श्रेष्ठतेच्या दाराने आत ओढलं. बँडमधून मला एकट्याला उचलून बँडपेक्षा मोठा ठरवलं हे अजबच आहे, असं त्याने बोलूनही दाखवलं. एडवर्ड्स आणि थॉम्प्सन तोवर वारले होते, त्यामुळे त्यांच्याकडून तक्रार आली नाही. आता कोणी म्हणेल, डिस्कोचं वावडं असेल. मुळीच नाही. बी जीज १९९७ साली आत, आबा २०१० साली आत. डोना समर मात्र आधी २०१२ साली वारली, मग २०१३ साली तिला घेतली. समितीला डिस्को चालतो, फक्त तो कोणाच्या अंगावर आहे ते बघून.

हे मी आकसाने लिहितोय असं वाटत असेल तर यान वेनर यांच्याकडे या. २०२३ साली त्यांनी मुलाखतींचं पुस्तक काढलं. रॉकचे सात आचार्य. सातही पुरुष, सातही गोरे. असं का, या प्रश्नावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा की काळे आणि बायका त्या बौद्धिक पातळीवरून बोलणारे नव्हते. मुलाखत छापून आली आणि लगोलग हॉलच्या संचालक मंडळाने त्यांना काढून टाकलं. मागाहून त्यांनी माफी मागितली. तत्परता कौतुकास्पदच, फक्त ही समज त्या माणसाच्या डोक्यात त्या एका दुपारी उगवली नसणार, आणि तीस-चाळीस वर्षं तो यादीच्या आसपास वावरत होता, एवढं ध्यानात ठेवावं. शिवाय काढलं ते मंडळावरून. २००४ साली त्यांचा स्वतःचाच हॉलमध्ये समावेश झालाय, तो कायम आहे. आणखी एक दाखला: आइक आणि टीना टर्नर या गाणाऱ्या जोडीला १९९१ साली घेतलं तेव्हा आइक तुरुंगात होता, टीना आली नाही, आणि त्यांच्या वतीने सन्मान स्वीकारला संगीत-निर्माता फिल स्पेक्टरने. हा स्पेक्टर पुढे खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि कैदेतच मेला. तोही हॉलमध्ये आहे. एकदा पाटावर बसलेल्याला इथे उठवत नाहीत. अपवाद फक्त बिचाऱ्या फ्रीडच्या अस्थींचा.

मग येतात बाणेदार मंडळी. सेक्स पिस्टल्स या पंक बँडला २००६ साली घेतलं. त्यांनी हाताने खरडलेलं पत्र पाठवलं, त्यात हॉलची तुलना मुताच्या डागाशी केली आणि एका टेबलाचे २५,००० डॉलर मागता याबद्दल चार शब्द जास्तीचे सुनावले. ते पत्र सोहळ्यात व्यासपीठावरून वाचून दाखवलं वेनर यांनीच. पंकला याहून मोठी शिक्षा नाही. ऑझी ऑस्बोर्नने १९९९ साली ठणकावून सांगितलं, माझ्या ब्लॅक सॅबथ बँडचं नाव यादीतून काढा, चाहत्यांची मतं नसलेल्या सन्मानाला अर्थ नाही. २००६ साली सॅबथ आत गेले, २०२४ साली ऑझी एकटा पुन्हा गेला. गायिका शेरबाईंनी २०२३च्या डिसेंबरात टीव्हीवर जाहीर केलं की दहा लाख डॉलर दिले तरी मी त्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. २०२४च्या ऑक्टोबरात बाई क्लीव्हलंडला हजर. डॉलर कोणी दिल्याचं ऐकिवात नाही.

उलट बाजूचं एकच माणूस, डॉली पार्टन. २०२२ साली नामांकन आलं तर डॉलीबाई म्हणाल्या, मी कंट्री गाणारी, रॉकवाल्यांच्या पाटावर बसायचा मला हक्क नाही, माझ्यामुळे दुसऱ्याची मतं फुटू नयेत, नाव मागे घेते. हॉल म्हणाला, मतपत्रिका गेल्या. मतदारांनी त्यांना निवडून दिलं. मग बाईंनी काय करावं? काळं चामडं घालून, गिटार घेऊन सोहळ्याला आल्या, आणि पुढच्या वर्षी तीस गाण्यांचा रॉक अल्बम काढून मोकळ्या झाल्या. पाट आधी मिळाला, नंतर भूक लावून घेतली. हॉलच्या इतिहासात सन्मानाची परतफेड केलेलं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण.

आता रॅप. किस बँडचा जीन सिमन्स वर्षानुवर्षं सांगत आला की रॅपवाल्यांचं रॉकच्या घरात काय काम. हा तोंड रंगवून, तोंडातून रक्त आणि आग काढून पोट भरलेला माणूस. त्याला शुद्धतेची फार काळजी. २०१६ साली एन.डब्ल्यू.ए. हे रॅपवाले आत गेले तेव्हा त्यांच्यातल्या आइस क्यूबने व्यासपीठावरूनच उत्तर दिलं, की रॉक अँड रोल ही वाद्यांची यादी नव्हे, ती एक वृत्ती आहे, आणि ती ब्लूजपासून हिपहॉपपर्यंत चालत आलीये. माझं मत आइस क्यूबच्या पारड्यात. त्याचं कारण वृत्ती वगैरे नाही, पहिली यादी आहे. रे चार्ल्स, सॅम कुक, जेम्स ब्राऊन यांना ज्या दिवशी रॉकवाले म्हणून बसवलं, त्या दिवशीच गिटारचा सोवळेपणा संपला. नंतरच्या कोणाला 'तू आमच्यातला नाहीस' म्हणायचं तर आधी त्या तिघांना उठवावं लागेल. आहे कोणाची छाती?

इथे आपल्या माणसांची मान ताठ होते. फ्रेडी मर्क्युरी आपला! झांझिबारला जन्मलेला, पारशी घरातला, नाव फारोख बलसारा. पण शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स, आणि पहिला बँडही तिथलाच, हेक्टिक्स. त्याच्या क्वीन बँडला २००१ साली आत घेतलं, फ्रेडी गेल्यावर दहा वर्षांनी. तेव्हापासून पाचगणीला सहलीला गेलेला प्रत्येक काका शाळेच्या फाटकापाशी गाडी हळू करून पोरांना हा इतिहास सांगतो, आणि पोरगं गिटारचा क्लास लाव म्हणालं की सांगतो, आधी बारावी होऊ दे.

दुसरा प्रश्न हमखास येतो: पंडित रविशंकर का नाहीत? मॉन्टेरी १९६७, वुडस्टॉक १९६९, बांगलादेशसाठीची मैफल १९७१, तीनही ठिकाणी सतार होती. त्यांचा शागीर्द, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन दोनदा आत आहे. 'आद्य प्रभाव' म्हणून तरी घ्यायला हवं, असं म्हणणारे देशाभिमानी मला भेटतात. मी विरोधात आहे. मॉन्टेरीला जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली ते पंडितजींना सहन झालं नाही. वाद्याचा असा अपमान त्यांच्या संस्कारात बसणारा नव्हता. बांगलादेशसाठीच्या त्या न्यूयॉर्कच्या मैफलीत ते साज लावत होते तर लोकांनी गाणं संपलं समजून टाळ्या पिटल्या. अशांच्या पंगतीत त्यांना बळेच का बसवायचं? वाद्य जाळणारा आत, ते न पाहवणारा बाहेर. चाळीस वर्षांत या हॉलकडून चुकून झालेला हा एक चोख न्याय आहे, तो बिघडवू नये.

यादी बाहेर पडते तेव्हा आत गेलेल्यांवर दोन ओळी येतात आणि राहिलेल्यांवर पानं भरतात. आत गेलेल्याचं गाणं कोणी पुन्हा काढून ऐकत नाही. राहिलेल्याची सगळी कारकीर्द चाहते पुराव्यासकट बाहेर काढतात. चबी चेकरने १९६० साली 'द ट्विस्ट'वर अख्ख्या अमेरिकेला कंबर हलवायला लावली. २००१ साली त्याने पानभर जाहिरात देऊन मागणी केली की हॉलच्या अंगणात माझा पुतळा हवा, आणि ओघात नोबेलचाही विषय काढला. लोक हसले. पण त्या एका जाहिरातीने त्याचं नाव जितकी वर्षं चर्चेत ठेवलं तितकं १९८६ सालीच आत घेऊन राहिलं नसतं. २०२५ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्याला घेतलं. आता त्याच्याबद्दल कोण भांडणार? समितीचा व्यवहार चोख आहे: रोज वाजतो तो बाहेरचा माणूस, आणि तो वाजेनासा झाला की त्याला आत घेऊन टाकायचं. शीकला अजून का घेतलं नाही, याचं दुसरं कारण मला सापडत नाही.

राहता राहिला गिटारवाला एरिक क्लॅप्टन. यार्डबर्ड्सबरोबर १९९२ साली, क्रीमबरोबर १९९३ साली, एकट्याने २००० साली. तीनदा आत गेलेला हा एकमेव माणूस. रोझेटाबाईंना एका पाटासाठी मरून ४५ वर्षं थांबावं लागलं, याच्यासाठी तीन मांडलेत. पण समितीने अंगचोरी करू नये. त्याचे ब्लाइंड फेथ आणि डेरेक अँड द डॉमिनोज हे दोन बँड अजून बाहेर आहेत.